निळ्या रेषेतलं एकच घर

नाल्याकाठच्या टोलीत, गावाच्या खालच्या वस्तीत, चार वर्षांमागं पूर आला, तेव्हा फुगलेल्या वैनगंगेनं नाल्याचं पाणी घेतलंच नाही. ते उलटं फिरून घरांत शिरलं. त्या पुरात रुखमानं शेजारच्या कलाबाईला केसाला धरून ओढून काढलं होतं. दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आलेल्या. पुरानंतर तर बहिणीच झाल्या.

यंदा उन्हाळ्यात पूररेषा आखायला ब्रह्मपुरीहून अश्विन नावाचा सर्वेक्षक आला. पाणी कुठवर चढलं होतं ते घरोघरी विचारायचं, भिंतीवर निळी खूण करायची आणि वहीत उतरवायचं, असं काम. रुखमा आठ दिवस त्याच्यासोबत हिंडली. मोजपट्टीचं टोक धरायला तीच, लोकांना बोलतं करायलाही तीच. "रुखमाबाई, तुमच्यामुळंच झालं हे," अश्विन म्हणाला, तेव्हा तिला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

नवव्या दिवशी गावात बातमी फिरली: निळ्या रेषेच्या आत घरकुल मंजूर होणार नाही. दुसऱ्या सकाळी रुखमा दार उघडते तर साऱ्या टोलीच्या भिंती ताज्या सारवलेल्या. खूण उरली ती तिच्या एकटीच्या घरावर.

दुपारी विहारासमोर सभा बसली. अश्विन एकेकाला विचारू लागला, "तुमच्याकडे पाणी आलं होतं?"

"नाई," पत्रूभाऊ म्हणाले.

"आमच्याकडे बी नाई," झाडू नावाचा शेजारी म्हणाला.

रुखमा कलाबाईकडे बघत होती. तिचं नाव अजून यायचं होतं.

"कलाबाई?"

कलाबाईनं पदर सावरला. "आमच्या घरी नाई आलं पाणी."

"कला!" रुखमा ताडकन उठली. "तुले केसाले धरून काढलं ना मी? काऊन खोटं बोलून राह्यली?"

"मले नाई आठवत बाई," कलाबाई जमिनीकडे बघत म्हणाली.

रुखमा अश्विनकडे वळली. "भाऊ, तुमच्या वहीत त लिहून हाये सारं. वाचून दाखवा ना."

अश्विननं वही मिटून पिशवीत घातली. "सभा सांगते तेच मले धरावं लागते, बाई."

महिन्याभरानं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. काठाकाठानं आलेली निळी रेघ रुखमाच्या घरापाशी तेवढी वर चढून त्याला वळसा घालत होती आणि पुन्हा नाल्याला जाऊन मिळत होती. घरकुलाच्या यादीतून नाव गेलं तिचं एकटीचं. तेही तिनं सोसलं असतं. पण कलाबाई पलीकडेच विटा उतरवून घेत होती आणि इकडे मान वळवत नव्हती, ते तिच्या काळजात रुतलं.

एका सकाळी कलाबाई आली. "तुहा पोरगा राजुऱ्याले नोकरीवर हाये. माहं कोन हाये? घरकुल गेलं असतं त मी कुठी गेली असती?"

"ते समजते मले," रुखमा म्हणाली. "पन साऱ्या टोलीत सारवणाचे हात फिरले आणि माह्याच दारी सांगाले कोणी नाई आलं. तू बी नाई."

कलाबाई तशीच परत गेली.

श्रावणात भर दुपारी रुखमाचा फोन वाजला. नाल्याला पाणी चढणार, ताबडतोब वर निघा, असा मेसेज. हे मेसेज रेषेच्या आतल्या घरांनाच जात. म्हणजे साऱ्या टोलीत तो तिला एकटीलाच आला होता. ती फोन हातात धरून बसली. चांगली पाच मिनिटं बसली. मग उठली आणि दारोदार ओरडत सुटली.

"नीघ. पाणी येऊन राह्यलं," ती कलाबाईच्या दारात म्हणाली. कलाबाईनं तिचा दंड धरला. रुखमानं तो सोडवून घेतला आणि पुढच्या दाराकडे गेली.

पाणी साऱ्याच घरांत शिरलं, कमरेपर्यंत. माणसं मात्र सगळी वाचली.

तिसऱ्या दिवशी रुखमा घरातला गाळ काढत असताना कलाबाई दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले. "आता मी साऱ्यांसमोर सांगते, रुखमा. लिहून बी देते."

"दे," रुखमा म्हणाली. "पन माह्याशी बोलू नोको."

गाळानं भरलेलं घमेलं उचलून ती कलाबाईच्या बाजूनं बाहेर पडली.