वाऱ्याचे गाऱ्हाणे

मार्गशीर्षातली पांढुरकी, पाणीदार उन्हे. अमेरिकेच्या उत्तरेकडे, मेन राज्यातल्या त्या सूचिपर्णवेष्टित तळ्यावर ती उतरली, आणि उतरताच घसरली. तळे गोठले होते. काळेभोर, काचनितळ, एकसंध गोठले होते. वर आभाळ, खाली आभाळ, आणि मध्ये वीतभर बर्फ. त्या नितळ काळिम्यातून तळाशी निजलेली पिवळी पाने एकेक करून मोजता आली असती. असा काळा बर्फ वर्षातून चार दिवस लाभतो. एखाद्या वर्षी तेवढाही नाही.

काठावर सहा हिमनौका उभ्या होत्या. कृशांगी, दीर्घदंडी, शुभ्रशिडाच्या. खाली बर्फावर घसरणारी तीन पोलादी पाती, वर शीड. वारा भरला की पाण्यातल्या नावेला लाजवतील अशा धावणाऱ्या. पण शिडे लोंबत होती. डोलकाठीच्या टोकाला बांधलेली तांबडी फीत सकाळपासून हललीसुद्धा नव्हती.

वारा नव्हता. बर्फ होता, ऊन होते, माणसे होती. वारा तेवढा नव्हता.

त्या माणसांत गोपीनाथ कुबल होते. मालवणच्या दर्यावर पन्नास वर्षे तांडेल म्हणून नाव हाकलेला माणूस. लेक उल्का हिच्याकडे काही महिन्यांपुरता आलेला, दोन स्वेटर आणि वर जावयाचा कोट घालून फुगलेला. बाजूला उल्काचा शेजारी वॉल्टर. वय ब्याऐंशी, हात इतके थरथरत की चहाचा कप अर्धा बशीतच रिकामा व्हायचा. एकाला इंग्रजी येत नव्हते, दुसऱ्याला मालवणी. तरी सबंध शरद ऋतू दोघांनी वॉल्टरच्या पडवीत बसून त्याच्या जुन्या हिमनौकेचे शीड दाभणाने शिवले होते. दोराची गाठ दोघांनाही वाचता येत होती, तेवढ्यावर भागले.

आणि उद्या सोमवार. उद्या सकाळी वॉल्टरचा मुलगा येऊन त्याला दक्षिणेकडे, आपल्या घरी नेणार होता, कायमचा. तिथे पाणी कधी गोठत नाही. म्हणजे जी काही एक शेवटची धाव धावायची, ती आज. आणि आज वारा नव्हता.

सकाळीच मंडळींनी रिवाजाप्रमाणे तळे पायी तुडवून पाहिले होते. पहार आपटत, आवाज ऐकत, जिथे बर्फ पातळ तिथे हिरवी डहाळी रोवत. मग वाट पाहणे. सूप झाले, थट्टा झाली, कुणी कुणाच्या टोपीत बर्फाचा चुरा टाकला. मधूनच तळे आतून हुंकारे, खोल, दीर्घ, घनगंभीर. आणि सगळे त्या फितीकडे बघत. वॉल्टर बघत नव्हता. तो आपल्या नौकेच्या सुकाणूवर हात ठेवून बसला होता आणि सुकाणू त्याच्या हाताबरोबर थरथरत होते.

गोपीनाथांना ते बघवेना.

“उल्का, गाडयेतलो नारळ हाड.”

“बाबा, इथे?”

“मग खंय? घराकडे वारो येवन काय करतलो?”

उल्काने नारळ आणला आणि हसू दाबत सगळ्यांना समजावले, की बाबा आता देवाला गाऱ्हाणे घालणार. प्रत्येक वाक्यानंतर आपण ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. गोपीनाथांनी कानटोपी काढली. नारळ दोन्ही हातांत धरला.

“बा देवा म्हाराजा, ह्या थंड तळ्याच्या धन्या! तुझी माझी वळख नाय. पण पाणी ता पाणीच, गोठला म्हणान काय झाला?”

“व्हय म्हाराजा!” अकरा तोंडांतून अकरा प्रकारचे उच्चार निघाले.

“ह्यो आमचो वाल्टर. उद्या ह्येचो झील ह्येका घेवन जातलो. आज एकदाच त्येच्या हातात वारो दी!”

“व्हय म्हाराजा!”

“कसलोय आसांदे, म्हाराजा, पण वारो दी!”

“व्हय म्हाराजा!”

बर्फाला तडा नको म्हणून नारळ पोलादी पात्यावर फोडला. खोबरे वाटले. सगळे ते चघळत उभे होते, आणि ईशान्येच्या झाडांचे शेंडे हलले.

फीत उठली. पडली. पुन्हा उठली, आणि सरळ झाली.

मग काय विचारता! आरोळ्या, धावाधाव, दोरांची सरसर. चौघांनी वॉल्टरची नाव ढकलली, गोपीनाथ कानटोपी ओढत आत कोसळले, शीड भरले. आणि काळ्या काचेवरून ती पांढरी नाव निघाली. वेग, वेग, वेग! पात्यांचा तीक्ष्ण, तेजस्वी, तालबद्ध ध्वनी. काठ पळाला, झाडे पळाली, डोळ्यांतले पाणी कानापर्यंत पळाले. शेजारून दुसऱ्या नावा येत, हात उंचावत, मागे पडत. गोपीनाथ पोरासारखे हसत होते. त्यांनी वॉल्टरच्या हाताकडे पाहिले. सुकाणूवरचा हात स्थिर होता.

वाऱ्याला एक वास होता. दर्यावरचा कुठलाही वारा गोपीनाथ नाकाने ओळखत; ह्या वाऱ्यापुढे मात्र त्यांचे नाक निरक्षर ठरले. वॉल्टरने तो वास पहिल्या झुळकीलाच ओळखला होता, आणि कुणाला सांगितले नव्हते.

गोपीनाथांच्या बाहीवर काहीतरी पांढरे पडले. त्यांना वाटले खोबऱ्याचा कीस. मग दुसरे. मग आभाळच.

“स्नो,” वॉल्टर शांतपणे म्हणाला. तो एक शब्द गोपीनाथांना कळत होता.

शुभ्र, मृदू, निःशब्द, निर्दय. तळ्याचा काळिमा बघता बघता झाकला. पाती रुतू लागली, नाव जड झाली, आणि तळ्याच्या बरोबर मधोमध थांबली. शीड मात्र वाऱ्याने तट्ट फुगलेले होते. सकाळी बर्फ होता, वारा नव्हता. आता वारा होता.

कोकणात पाऊस आला म्हणून कधी नाव अडत नाही. गाऱ्हाण्यात सगळे नीट, खुलासेवार मागावे लागते. ‘कसलोय आसांदे’, कसलाही असो, असे म्हणायचे नसते. हे पन्नास वर्षे ठाऊक असलेल्या माणसाने वॉल्टरपुढे हात जोडले.

“माझा चुकला रे, वाल्टर. बर्फाचो पाऊस नको म्हणान सांगूक इसारलंय.”

वॉल्टरला एक अक्षर कळले नाही. त्याने गोपीनाथांच्या कानटोपीवरचा बर्फ झटकला. त्याचा हात पुन्हा थरथरू लागला होता.

पांढऱ्या पडद्यातून माणसे चालत आली, दहाच्या दहा, उल्कासुद्धा. शीड उतरवले. गोपीनाथही उतरून खांदा लावू लागले. नाव हलेना. तेव्हा आत एकटाच बसलेला वॉल्टर, दोन्ही हातांनी सुकाणू धरून, सगळा जीव गोळा करून ओरडला,

“व्हय म्हाराजा!”

आणि सगळ्यांनी रेटा दिला.

“व्हय म्हाराजा!”

नाव हलली. पावलापावलाने, हाकेहाकेने काठाकडे निघाली. ढकलणारे ढकलत होते, नेतील तिकडे ती जात होती. तरी वॉल्टर डोळे बारीक करून समोर बघत होता, सुकाणू किंचित वळवत होता, हिरव्या डहाळ्या चुकवत होता. मागे तीन रेघा उमटत होत्या आणि बर्फ त्या बुजवत होता. उमटत होत्या, बुजत होत्या. उमटत होत्या, बुजत होत्या.