आतली शिवण

डागकाकू हे नाव लाँड्रीत पडलं आणि काकूंच्या मागोमाग घरापर्यंत आलं. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी उभं राहून त्यांनी आयुष्यभर लोकांचे डाग काढले. शाई, गंज, रक्त, वंगण, लिपस्टिक. पुढे काउंटरवर गिऱ्हाईक म्हणायचं, "कसला डाग आहे कोण जाणे, आपोआपच पडला." मागे काकू कपडा नाकाशी धरायच्या आणि काय सांडलं, कधी सांडलं, त्यावर घरी कायकाय उपद्व्याप करून झालेत, हे सगळं सांगायच्या. सुदैवाने ते गिऱ्हाइकाच्या बायकोला ऐकू जात नसे.

काकूंच्या हातून आजवर एकही कपडा बिघडला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. नवरा मिळाला, मुलगी झाली, घर झालं, ते सगळं आपापल्या वेळी होत गेलं. हे नाव तेवढं आपण स्वतः कमावलं, असं त्या म्हणायच्या. नवरा शेजारी बसलेला असला तरी म्हणायच्या.

मग लाँड्रीच्या मालकाने मोठं मशीन आणलं आणि खिडकीखालचं टेबल काढून टाकलं. काकू घरी आल्या. पण लोकांचं सांडायचं थोडंच थांबतंय? फोन येतच राहिले. भाजी फोडणीला टाकली की फोन, डोळा लागला की फोन. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, एकदाचं सगळं लिहून वेबसाइटवर टाक ना. लोक वाचतील, तू झोप." आणि जावयाने ते मनावर घेतलं.

जावयाचा धंदाच वेबसाइट बनवण्याचा. काकूंना वाटलं, हा आठवड्याभरात काहीतरी रंगीबेरंगी उभं करून मोकळा होईल. पण पठ्ठ्या हलेचना. नुसते प्रश्न.

"आई, आधी सांगा, वाचणार कोण?"

"ज्याच्या कपड्यावर डाग पडलाय तो. दुसरा कोण वाचेल, हौस म्हणून?"

"तो वाचताना कुठे असेल? काय करत असेल?"

काकूंनी थोडा विचार केला. "न्हाणीघरात उभा असेल. एका हातात ओला शर्ट, दुसऱ्या हातात फोन. आणि बाहेरून बायको विचारत असेल, एवढा वेळ आत करतोयस काय?"

जावई खूश झाला. म्हणजे पान एका हातात वाचता यायला हवं. अक्षर मोठं हवं. उपाय पहिल्या ओळीत हवा. "नमनाला घडाभर तेल नको," काकू म्हणाल्या. "तेलाचा डाग तर आधीच पडलेला असतो."

असे आठवडे गेले. लोक डागाला काय म्हणून शोधतात ते जावयाने धुंडाळून काढलं. लेखांची यादी झाली. उघडण्याआधीच चाळीसेक लेख तयार हवेत, हा त्याचा हट्ट. दुकान उघडायचं तर फडताळं भरलेली हवीत, नाहीतर आलेलं माणूस परत फिरतं. हे काकूंना पटलं. नावावरून मात्र खडाजंगी झाली. जावयाने सुचवलेली नावं चकचकीत होती आणि काकूंना त्यातलं एकही धड उच्चारता येत नव्हतं. "स्वतःच्या दुकानाचं नाव सांगताना जीभ अडखळली तर गिऱ्हाइकाने काय समजायचं?" त्यांनी विचारलं. शेवटी 'डागकाकू' हेच ठरलं.

काकू सांगायच्या, मुलगी टाइप करायची, जावई मांडायचा. सगळं रांगेला लागलं आणि उघडायचा दिवस ठरला, रविवार, दुपारी चार. तो जवळ येऊ लागला तशी काकूंची झोप उडाली. त्यांना हसू नये. भीती खरी होती. टेबलाशी कपडा त्यांच्या हातात असायचा. काही चुकतंय असं वाटलं तर हात थांबायचा. आता कुठल्याशा गावातला कुणी परका माणूस त्यांचे शब्द वाचून आपल्या लग्नाच्या कोटाला हात घालणार होता, आणि तिथे काकूंचा हात नव्हता. एक कोट बिघडला की संपलं. आयुष्यभर जपलेलं नाव, तेही आता पाटीवर लावलेलं.

"म्हणूनच एक शेवटची पायरी राहिलीये," शनिवारी सकाळी जावई म्हणाला. "कुणीतरी एकाने हे एकट्याने वापरून बघायचं. शेजारी बसून कुणी समजावायचं नाही. आणि घरातलं प्रेमाचं माणूस नको, ते सगळ्यालाच छान म्हणतं. ज्याला आपलं काडीचं कौतुक नाही असं माणूस हवं."

मुलीने आईकडे पाहिलं. आईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, कारण तिघांच्याही डोळ्यांपुढे एकच चेहरा आला होता आणि तो त्याच्या बहिणीचा होता.

वन्सं नवऱ्याहून धाकट्या, पण तोरा थोरलीचा. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. काकू या घरात आल्यापासून वन्संनी त्यांच्या कशालाही चांगलं म्हटलं नव्हतं. डाग निघालेला कपडा हातात दिला की उजेडात धरून उलटसुलट बघायच्या आणि म्हणायच्या, "ठीक आहे." बस. फोनवरही तसंच, स्वतःचं म्हणणं संपलं की फोन बंद, समोरच्याचं वाक्य तोंडातच.

त्यांना लिंक पाठवली. उत्तर आलं, "बघते."

रविवारी जेवणं आटोपली आणि काकूंचा फोन वाजला.

"वहिनी? आईचा स्कार्फ घेतला होता. लाल रेशमी. त्यावरचा तो चहाचा जुना डाग. तू लिहिलंयस तसंच्या तसं केलं. रंग उतरला. खालचं पांढरं फडकं लाल झालंय."

आणि फोन बंद.

सासूबाईंचा स्कार्फ. सासूबाई जाताना वन्संसाठी एवढंच ठेवून गेल्या होत्या, आणि वन्सं तो घालतही नसत, इतका जपायच्या. काकूंनी उलटा फोन केला. नुसता वाजत राहिला. पुन्हा केला. कुणी उचलेना.

"काही उघडायचं नाही आज," त्या जावयाला म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "कधीच नाही. पुसून टाका सगळं."

"आई, आधी जाऊन बघू तर."

त्याने गाडी काढली. वाटेत काकूंनी फोनवर तो लेख उघडला. खाली पांढरं फडकं घाला. गार पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर. कापसाने टिपा, घासू नका. सावलीत सुकवा. त्यांनी तो वाचला, परत वाचला, जावयालाही मोठ्याने वाचून दाखवला.

"यात चूक कुठे आहे?" त्याने विचारलं.

"नाहीये चूक. मी स्वतः असंच करते. असंच करत आलेय." काकूंनी लेख पुन्हा वरपासून खालपर्यंत सरकवला. "चूक सापडली असती तर निदान दुरुस्त तरी केली असती हो."

पुढच्या सिग्नलला जावयाने पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

वन्संचं दार उघडंच होतं. खिडकीजवळच्या टेबलावर स्कार्फ पसरलेला, शेजारी व्हिनेगरची बाटली, कापूस, आणि एक फडकं, मधोमध लाल ठिपका पडलेलं. वन्सं चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या, पेपर तपासणाऱ्या मास्तरीणबाईसारख्या. काकू 'या-बसा'साठी थांबल्याच नाहीत. सरळ टेबलाशी गेल्या आणि स्कार्फावर वाकल्या.

चहाचा डाग जागच्या जागी होता. भोवतीचा लाल रंगही जागच्या जागी होता, गडद आणि सलग. काकूंनी स्कार्फ उजेडात धरला. इकडून बघितला, तिकडून बघितला.

"कुठे उतरलाय रंग?"

वन्संनी एक कोपरा उलटवला. काठाची घडी बोटाने उघडली. आत, शिवणीच्या पोटात, नखाएवढा फिकट ठिपका होता. घडी मिटली की दिसतही नव्हता.

"इथे."

"इथे?" काकू खाली बसल्या. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर बसल्या. "डाग तिकडे मधोमध आणि तुम्ही औषध इथे का लावलंत?"

"मग कुठे लावणार? एकदम डागावर?" वन्संना प्रश्नच कळला नाही. "माझ्या कोटाला वंगण लागलं होतं तेव्हा तू काय केलंस? आधी आतली शिवण उलटवलीस, तिथे कापूस लावलास, थांबलीस, बघितलंस. पडद्यांच्या वेळी तेच. दादाच्या शर्टाला तेच. दरवेळी. आधी मला वाटायचं, काय हे नखरे, एवढ्याशा डागाला. मग लक्षात आलं, म्हणूनच हिच्या हातून काही बिघडत नाही."

काकूंचं बोट नकळत त्या शिवणीवरून फिरलं.

"आणि तुझ्या त्या वेबसाइटवर हे कुठेच नाही," वन्संनी चष्मा काढला. "काल बसून सगळं वाचलं. शाई वाचली, गंज वाचला, मेण वाचलं. एका पानावर नाही. मला वाटलं, माझ्याच नजरेतून सुटलं. पुन्हा वाचलं. नाहीच."

जावयाने फोन काढून लेख चाळायला सुरुवात केली. काकूंना चाळायची गरज नव्हती. त्यांना आठवत होतं, नव्हतंच लिहिलेलं. कपडा हातात आला की बोटं आपोआप शिवण उलटवायची. त्याला त्या कधी काम समजल्याच नव्हत्या. श्वास घेतो हे कुणी सांगतं का? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि चार वाजता ते तसंच जगापुढे जाणार होतं, एवढे लेख, आणि कपडा वाचवणारी एक ओळ सोडून सगळं.

त्यांचा जीव भांड्यात पडला तो असा एकदम, की आधी हसू आलं आणि मग डोळ्यांतून पाणी, आणि त्यातलं कुठलं पुसावं ते त्यांना कळेना. स्कार्फ धड होता. कुणाचा कोट बिघडला नव्हता. नाव जागेवर होतं.

"पण वन्सं," त्या नाक पुसत म्हणाल्या, "फोनवर एवढं तरी सांगायचंत! रंग उतरला म्हणालात आणि ठेवून दिलात."

"उतरलाच होता. खोटं सांगू?"

"आणि नंतर फोन का नाही उचललात?"

"हाताला व्हिनेगर लागलं होतं."

जावयाने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"आणि करायला हाच स्कार्फ सापडला तुम्हाला? एखादा रुमाल नव्हता घरात?"

"रुमाल बिघडला तर मी कशाला नीट वाचेन? बिघडलं तर जीव जाईल असं घेतलं, म्हणून तर शब्दन्शब्द वाचला," वन्सं म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

तिथेच, त्याच टेबलावर, काम झालं. जावयाला पहिल्या पानावर काहीतरी सुरेख वाक्य हवं होतं. त्याने महिनाभर ते जुळवलंही होतं. ते गेलं. त्या जागी काकूंनी सांगितलं तसं आलं: 'थांबा. आधी आतल्या शिवणीवर लावून बघा. रंग उतरला तर डाग राहू द्या.' तीच ओळ त्याने प्रत्येक लेखाच्या अगदी वर बसवली, उपायाच्याही आधी. चार वाजून गेले. घरून नवऱ्याचा फोन आला, काय झालं, बहीण रागावली का. "नाही," काकू म्हणाल्या, "कान सोनारानेच टोचावेत, तसे टोचले." नवऱ्याला काही कळलं नाही, पण सूर ऐकून तोही निवांत झाला.

मग जावयाने फोन पुढे धरला. "आई, इथे दाबा."

काकूंनी दाबलं. काही वाजलं नाही, काही उजळलं नाही.

"झालं?"

"झालं. आता जगात कुणीही बघू शकतं."

काकूंनी वाट पाहिली, सगळं पुसून टाकावं असा विचार परत येतो का. आला नाही. त्यांनी स्कार्फ पुढे ओढला, डागावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. "हा नाही निघायचा, वन्सं. काढला तर रंग घेऊन जाईल."

"राहू दे," वन्सं म्हणाल्या. "आईच्याच कपातला आहे." त्यांनी स्कार्फाची घडी केली आणि या खेपेला कपाटात ठेवायच्या ऐवजी गळ्यात घातला.

दुसरा चहा पिऊन होईतो जावयाचा फोन किणकिणला. पहिली प्रतिक्रिया आली होती. त्याने उत्साहाने उघडली आणि त्याचा चेहरा पडला.

"आत्या, हे तुम्ही लिहिलंत? 'शिवणीवर लावून बघितलं. रंग उतरला. कपडा वाचला.' अहो, पहिल्याच प्रतिक्रियेत रंग उतरला म्हटल्यावर लोक पळून जातील. काढू का?"

वन्सं कपबशा उचलून आत गेल्या होत्या.

"हात नका लावू," काकू म्हणाल्या. त्यांनी फोन आपल्याकडे घेतला, ती ओळ पुन्हा वाचली, आणि मग चष्मा पुसून आणखी एकदा. लग्न होऊन या घरात आल्यापासून वन्संनी केलेलं हे पहिलं कौतुक होतं, आणि तेही लेखी.