राखणीची रेकॉर्ड

"ओ मावशी! तो डबा बंद करा ना जरा!"

चंद्रभागेने पत्र्याच्या डब्यावर उगारलेली काठी तशीच धरली आणि बांधावरून खाली पाहिलं. बंद पडलेल्या भातगिरणीच्या दारात एक पोरगा उभा होता. केस खांद्यापर्यंत, अंगात बनियन, आणि दोन्ही हातांत लाटण्याहून बारीक अशा दोन काठ्या.

"तुमच्याबी हातात काठ्या, माझ्याबी हातात काठी," ती म्हणाली. "तुमी वाजवता ते गाणं, आन् मी वाजवते ती कटकट व्हय?"

"तसं नाय हो. तुमचा डबा आमच्या टेपमधी जातो."

"आन् डबा थांबला तर माझं भात पोपटांच्या पोटात जातं. त्याचं काय?"

पोरगा डोकं खाजवू लागला. तो डॉमनिक, वसईचा. मुंबईहून आलेल्या चौघांत मराठी येणारा तो एकटाच, म्हणून भांडायला दर वेळी त्यालाच पुढे करत. रेकॉर्ड काढायची म्हणून हे चौघे आधी पळसदरीला एका बंगल्यात उतरले होते. पण तिथे घाट चढणाऱ्या प्रत्येक गाडीची शिट्टी त्यांच्या गाण्यात घुसायची. शेवटी कर्जतच्या एका व्यापाऱ्याने आपली कडावची गिरणी उघडून दिली. जाड भिंती, मोठ्या मोटारीची वीज अजून जोडलेली, आणि आजूबाजूला नुसतं भात. पिकत आलेल्या भाताला राखण असते, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

रेकॉर्ड म्हटल्यावर गावाला लग्नातली गाणी आठवली होती. पहिल्या दिवशी आतून जो आवाज आला तो ऐकून चंद्रभागेची जाऊ गोदा म्हणाली, "गिरणी चालू झाली वाटतं. पन पट्टा तुटलाय गं."

डॉमनिक दारात डोकं खाजवत असतानाच आतून कोणीतरी तारेवर हात मारला. गुरगुरत सुरू झालेला आवाज असा काही फुटला, की भातावर बसलेला पोपटांचा थवाच्या थवा उठला आणि थेट नदीपल्याड गेला.

चंद्रभागेने थव्याकडे पाहिलं. मग दाराकडे.

"हे काय व्हतं?"

"गिटार."

"पुन्यांदा वाजवा बरं."

तेव्हाच करार ठरला. पाखरं उतरतात ती ऊन वर यायच्या वेळी आणि मग उन्हं कलल्यावर. त्या वेळी पोरांनी वाजवायचं. चंद्रभागा डबा पालथा घालून बसणार. अधल्यामधल्या वेळी पोरांनी जेवायचं, झोपायचं, आणि तिने डबा बडवायचा. दुपारपर्यंत लोळायची सवय असलेली ती पोरं झक मारत सकाळी उठू लागली.

"जे आमच्या आईला जमलं नाय ते तुमी केलंत, मावशी," डॉमनिक म्हणाला.

तिचा डबा गप्प असला तरी जीभ नव्हती. जेवणाच्या वेळी ती गिरणीच्या पायरीवर येऊन बसे. ह्या वायरीतून काय जातं, तो चष्मेवाला टेपच्या चाकांकडे एवढा काय बघतो, दाराशी काठीला बांधलेला तो वांग्यासारखा माईक कशाला. सगळं तिला हवं असे.

"तो तुमच्यापरीस केसाळ गानारा एवढा वरडतो, कुणावर रागावलाय?"

"कुणावर नाय. असंच."

"असंच एवढं? आन् म्हनतो काय?"

"म्हणतो, एक गाडी हाय, ती कुठंच थांबत नाय."

"कर्जतला तर थांबंल का नाय? मागनं दुसरं इंजिन लावल्याबिगर घाट कसा चढंल?"

डॉमनिकने ते बाकीच्यांना इंग्रजीत सांगितलं. केसाळ हसता हसता पायरीवर आडवा झाला.

शेताच्या खालच्या टोकाला राखणीसाठी बांधलेल्या उंच माळ्यावर तिचा नवरा चांगो असे. राखण दोन टोकांना असली की हाकेला जबाब द्यायचा, ही तिकडची रीत. ह्या टोकाने डबा वाजवून "होऽऽ हा!" केलं की त्या टोकाने ओरडायचं, म्हणजे समोरचा झोपला नाही हे कळतं. चांगो घरात 'वाढ' आणि 'पुरं' एवढ्यावर दिवस काढणारा माणूस. लग्नानंतर कितीतरी दिवस चंद्रभागेला वाटायचं, हा आपल्यावर नाराज आहे. पण भाताच्या दिवसांत तिची हाक गेली की तिकडून "हाऽऽ रं हाऽऽ!" असा भरभरून जबाब यायचा, तोही एकदा चुकला नाही. वर्षभराचं बोलणं तो जणू माळ्यावर खर्च करायचा.

शेवटच्या दिवशी पोरांचं शेवटचं गाणं संपलं. उकाड्याने हैराण होऊन त्यांनी दार सताड उघडलं आणि जो तो जागच्या जागी बसला. टेपची चाकं बंद करायचंही कोणाला सुचलं नाही. ती आपली फिरत होती. गाणं थांबलं म्हणून चंद्रभागेने सवयीने डबा सुलटा केला.

पुढच्या आषाढात चांगोला ताप आला. तो कर्जतच्या दवाखान्यात बैलगाडीतून गेला आणि चादरीत गुंडाळलेला टेंपोतून आला.

त्या साली चंद्रभागेने एकटीने राखण केली. हाक जायची, आणि भातावरून नुसता वारा यायचा. कापणी होऊन गेल्यावर एक दिवस डॉमनिक दारात उभा राहिला, बगलेत रेकॉर्ड. कव्हरावर गिरणीचं दार छापलेलं. चांगोचं कळल्यावर तो खूप वेळ कव्हराचा कोपरा चेपत बसला.

"तुमी दोघंबी हाय यात, मावशी," तो म्हणाला. "माळ्यावरच्या बाबांचाबी आवाज आलाय. शेवटपर्यंत ऐका." चहा अर्धा ठेवूनच तो गाडी गाठायला गेला.

गावात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र एकच, लग्नात कर्णे लावणाऱ्या हिरूकडे. त्याच्या ओट्यावर संध्याकाळी सगळी आळी जमली.

"आता शिनेमात कवा जानार गं?" गोदाने विचारलं. "आमाला वळख देशील ना?"

चंद्रभागा यंत्राजवळ सरकून बसली. स्वतःचा आवाज ऐकायची तिला हौस नव्हती. तो तर रोज गळ्यात होता. पण चांगोचा जबाब शेवटी वर चढायचा की खाली उतरायचा, हेच अलीकडे तिला आठवेनासं झालं होतं. रात्री कूस बदलून ती मनातल्या मनात तो काढून बघायची. कधी असा यायचा, कधी तसा. एकदा ऐकला असता तर खुंटीला टांगल्यासारखा पक्का झाला असता.

हिरूने एक बाजू वाजवली, मग दुसरी. पट्टा तुटलेली गिरणी, केसाळाचं ओरडणं, डॉमनिकची धडाधड, सगळं होतं. ना डबा, ना हाक. शेवटचं गाणं विरलं तशी हिरूने झटकन सुई उचलली. इतक्या वर्षांची त्याची ती शिस्त. गाणं संपल्यावर सुई राहिली की कर्ण्यातून खरखर बाहेर पडते, आणि लग्नघरचे लोक शिव्या घालतात.

"झालं?" चंद्रभागेने विचारलं.

"झालं, वैनी."

"तुझी हाक पोपटांनीच खाल्ली बघ," गोदा म्हणाली, आणि ओटाभर हसू फुटलं.

मयताच्या घरी माणूस गोड बोलतो, तसं पोरगं बोललं असेल, असं म्हणून चंद्रभागा उठली. रेकॉर्ड हिरूकडेच ठेवली. घरात ती चुलीच्या धगीने वाकडी झाली असती.

वैशाखात गोदाच्या थोरल्याचं लग्न निघालं. अक्षता पडल्या, पंगत बसली. चंद्रभागा रीतीप्रमाणे मांडवात पुढे न जाता मागे पाण्याच्या पिंपापाशी बसून तांबे भरत होती. नवरदेवाच्या मित्रांना नाचायला धडाधड हवी होती. त्यांनी हिरूला गिरणीवाल्यांच्या रेकॉर्डची दुसरी बाजू लावायला लावली. ती सुरू झाली न झाली तोच नवरदेवाच्या मामाने हिरूला हाताला धरून पंगतीत ओढलं.

"दर लग्नात शेवटी जेवतोस. आज पैला बस."

"मामा, सुई..."

"सुई कुटं पळून जाती काय रं?"

पोरं नाचली, घामाघूम झाली. शेवटचं गाणं विरलं. आंब्यावर बांधलेल्या कर्ण्यातून खरखर सुरू झाली.

"हिरू, बंद कर ती करकर!" कोणीतरी ओरडलं. हिरू भाताचा हात झटकत उठला.

तेवढ्यात कर्ण्यातून पत्र्याचा डबा खणाणला. "होऽऽ हा!"

पंगतीतले हात थांबले. गोदाच्या हातातली वाढायची पळी वरच्या वर राहिली. "अगं बया, ही आमची चंद्रीच की!"

हिरू सुईपाशी पोचला होता. चंद्रभागा हातातला तांबा सोडून मांडवाच्या मधोमध आली, जिथे तिने येऊ नये असं मघापर्यंत सगळ्यांना वाटत होतं.

"उचलू नको रं!"

हिरूचा हात हवेतच राहिला. कर्णा खरखरला, पुन्हा खरखरला. आणि मग लांबून, कापणीनंतर मोकळ्या पडलेल्या शेतांच्या पलीकडून आल्यासारखा, जबाब आला.

"हाऽऽ रं हाऽऽ!"

वर चढत होता. टोकाला किंचित फाटत होता.

मांडवात सांडलेल्या अक्षता टिपणाऱ्या चिमण्या भुर्रकन उठल्या आणि आंब्यात शिरल्या.

गोदाने पळी खाली ठेवली आणि पदराने तोंड पुसलं. हिरूने हळूच सुई उचलून धरली.

"वैनी, पुन्यांदा लावू?"

चंद्रभागा आंब्याकडे बघत होती.

"थांब जरा," ती म्हणाली. "चिमण्या बसू दे."