आठ वर्षांचं तान्हं बाळ

ऐका की गं, मधी कुणी बोलू नका, न्हायतर मी विसरतो. आमचा स्वरूप, माझा धाकटा भाऊ, मी त्याची आक्का, त्यो तवा आठ वर्सांचा. आईच्या माहेराकडनं पोरांच्या मेंदूचा एक रोग येतोय. माझा मामा शाळेत असतानाच आधी चालायचा थांबला, मग दिसायचं गेलं, मग त्योच गेला. स्वरूपच्या स्कॅनमधी तसलाच बारका डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, आत्ता बोन मॅरो बदलला तर रोग हितंच थांबंल. जुळला कुणाचा? माझा! आधी औषधांनी त्याचा जुना गर मारला, मग माझ्या कंबरेच्या हाडातला काढला आन् सलाईनसारखा त्याच्या अंगात सोडला. पण थांबायला वरीसभर लागतंय, आन् तवर साधा खोकला लागला तरी जिवावर.

बेंगळूरच्या दवाखान्यातनं आमच्या बोरगावात आलो तर अख्खी गल्ली दारात. केळी, नारळ, ओवाळायचं ताट. सगळ्यांत पुढं शेजारची रुक्माबाई, खोकत. आईच्या बाळंतपणात राबलेली म्हातारी, आईला न्हाय म्हणवंना. मग मीच दार अडवून उभारलो. जंतू, इन्फेक्शन, सगळं सांगितलं.

"लई शिकलीस गं," म्हातारी म्हणाली. "माझ्या हातावर वाढलाय त्यो. मला भाईर उभी करतीस?"

आन् पाय उंबऱ्यावर!

मला काय सुचलं देव जाणे. म्हटलं, "आज्जी, त्याचं रक्त आत्ता जन्मलंय. लसीबी सगळ्या पहिल्यापासनं द्यायच्या हायत. तान्हं बाळ हाय त्यो. बाळंतिणीच्या खोलीत तू कुणाला सोडतीस काय?"

म्हातारीनं पाय मागं घेतला, तोंडाला पदर लावला आन् गल्लीकडं वळली. "कळत न्हाय व्हय रं? आत तान्हं हाय. व्हा घरला."

तवापासनं म्हातारी आमच्या कट्ट्यावरच बसायची. पंचायतीचा मेंबर आलता, त्यालाबी रस्त्यावरनंच परत लावला. आतनं स्वरूप वैतागलेला, "आक्का, मी तिसरीत हाय, सांग की तिला."

वर्सानं स्कॅन काढला. डाग हुता तेवढाच! एक रेघ वाढला न्हाय. आता शाळेला जातोय, पळतोय.

परवा मी बेळगावहनं गावाकडं गेलतो, बसमधनं उतरून सरळ घरात शिराय लागलो, तर म्हातारीची काठी आडवी.

"आज्जी, आता डॉक्टरांनी सगळ्यांना मोकळीक दिलीया. आन् त्याच्यात गर माझाच हाय."

"आसंल. पाय धू, मग बाळाजवळ जा."

बाळ तवा परसातल्या पेरूवर चढलतं. मी आपले पाय धुतले.