शाहीमुकुटाचे पाच कंद

जिवंत कंद हातात जड लागतो.

ट्यूलिपचा कंद थेंबाच्या आकाराचा, अंगावर तपकिरी कागद. लिलीला सालच नाही, नुसते खवले.

माझ्या नवऱ्याच्या, रिशार्दच्या, कोटाच्या खिशात अजून दोन खिळे आहेत.

डॅफोडिलचे कंद कांद्यासारखे दिसतात. सूपमध्ये घालू नयेत.

शाहीमुकुट नावाच्या फुलाच्या कंदाला मधोमध भोक असतं. त्याला कोल्ह्यासारखी घाण येते, डोळे मिटूनही ओळखू येतो.

कुणी रोप दिलं तर आभार मानायचे नाहीत. मानले तर ते उगवत नाही.

*

खिळे सोडले तर हे सगळं मला शेजारच्या पोलाने शिकवलं. मी शहरातली, लग्न होऊन या गावात आले. पहिल्याच आठवड्यात सासूच्या खोपटातले डॅफोडिलचे कंद चिरून सूप केलं. रिशार्द आणि मी दोन दिवस ओकत होतो. पोला कुंपणावरून ओरडली, "काय गं हालिना, नवऱ्याला इतक्यात घालवतेस? थोडा वापरून तरी बघ!"

तो तेवीस वर्षांनी गेला, जानेवारीत. त्या हिवाळ्यात मी अंथरुणातून उठत नव्हते. पोला रोज सकाळी यायची, शेगडी पेटवायची, "ऊठ, तुझं मांजर माझ्याकडे तक्रार घेऊन आलंय" म्हणायची आणि निघून जायची. मार्च संपेपर्यंत.

त्याबद्दल मी तिचे कधी आभार मानले नव्हते.

*

गेल्या ऑक्टोबरात तिने मला बोलावून घेतलं. तेव्हा ती खाटेवरून उठत नव्हती. उशीजवळ कागदी पिशवी.

"घे. शाहीमुकुट. पाच आहेत. आडवे लाव, नाहीतर भोकात पाणी साचेल."

"माहितीय."

"माहितीय म्हणे! सूपवाली."

पिशवी हलकी होती. वास येत नव्हता. माझं लक्ष तिच्या मनगटांकडे होतं.

दारापर्यंत गेले आणि वळले.

"पोला, तुझे आभार गं."

"कशाचे?"

"कंदांचे नाही. त्या हिवाळ्याचे. शेगडीचे."

"हातात पिशवी धरून बोललीस! मूर्ख कुठली. आता नाही उगवणार. जा!"

तिने भिंतीकडे तोंड केलं.

कंद त्याच दुपारी लावले. आडवे, वीतभर खोल, खाली वाळू.

तिसऱ्या दिवशी ती गेली. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, तिच्या कबरीवर दिवा लावला तेव्हा माती अजून खचलेलीही नव्हती.

*

एप्रिलमध्ये ट्यूलिप आले. डॅफोडिल आले. मधला वाफा काळाच.

दुकानात बायका म्हणाल्या, "मानलेस ना आभार?"

ती माझ्यावर रागावून गेली होती, आणि तिने शेवटचं दिलेलंही मी तोंडाने मारलं होतं. रोज वाफ्याशी बसायचे. बोटाने माती उकरायचे, पुन्हा सारखी करायचे.

मे महिन्यात राहवेना, खणलं. पाच साली निघाल्या, आत काही नाही.

पोलाची मुलगी दानुता कुंपणापाशी उभी होती.

"मावशी, हे खोपटातल्या फळीवरचे ना? आईने मला काढायला लावले. मी म्हटलं, अगं, हे कधीच गेलेत. तर म्हणाली, गप्प बस. हालिनाच्या हातात एकदा जाऊ देत."

मी पाचही साली पुन्हा आडव्या ठेवल्या आणि वर माती ओढली.

ते कंद पोलाने उपटले होते मला दिले त्याच्या आदल्या वर्षीच्या जूनमध्ये, ती आपल्या पायांनी बागेत उतरली त्या शेवटच्या दुपारी.