हाँगकाँगची टोपली मालवणच्या चुलीवर

मित्रांनो, जानकीकाकूंच्या चुलीमागे भिंतीवर टांगलेली ही काळवंडलेली बांबूची टोपली म्हणजे मीच. मी मालवणची नव्हे बरं का! माझा जन्म हाँगकाँगचा. तिथे एका म्हातारीच्या छोट्या खाणावळीत मी उकळत्या पाण्यावर बसायचे. माझ्या पोटात मैद्याच्या पुरचुंड्या उकडायच्या. दिसायला थेट आपले मोदक, पण आत मांस आणि गरमागरम रस्सा!

सत्तावन्न साली मालवणचे गंगाराम आमच्याकडे आले. ते बोटीवर खलाशी होते. पुरचुंडी पाहून स्वारी खूश झाली. तूप सोडायला मोदकाचं नाक मोडतात ना, तसं त्यांनी तिचं नाक मोडलं आणि सगळा रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत! "अरे देवा, भाजलंय!" म्हातारी हसून हसून बेजार झाली. पुरचुंडी चमच्यात ठेवून आधी हळूच रस्सा कसा प्यायचा, ते तिने करून दाखवलं. पुढे बोट बंदराला लागली की गंगाराम हजर. एकमेकांची भाषा कळत नव्हती, पण ती आईच्या मायेने त्यांना आग्रह करकरून वाढायची.

मग त्यांची बोट दुसरीकडे जाऊ लागली. त्यातच मोठं वादळ झालं आणि आमची गल्ली भुईसपाट झाली. म्हातारीने मला छातीशी धरून बाहेर काढलं आणि लांबच्या रस्त्यावर नवी पाटी लावून नव्याने चूल मांडली.

त्रेसष्ट साली एका दुपारी गंगाराम दारावरून जाताना दिसले. चेहरा पार उतरलेला. नोकरी सोडून ते कायमचे घरी निघाले होते. त्याआधी म्हातारीला एकदा भेटायचं म्हणून जुन्या गल्लीत जाऊन आले होते, पण तिथे काहीच उरलं नव्हतं. म्हातारी वादळात गेली, असं त्यांनी धरलं होतं. हे सारं त्यांनी पुढे घरी बायकोला, म्हणजे जानकीकाकूंना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. त्या दुपारी माझा जीव नुसता तुटत होता. टोपलीला हाक कुठे मारता येते?

भुकेने म्हणा, वासाने म्हणा, ते आत आले. वाढणारी मुलगी नवी, म्हातारी चुलीकडे तोंड करून बसलेली. गंगारामांचं जेवणात लक्षच नव्हतं. इतकी वर्षं घरचे मोदक खाल्लेल्या हाताने पुन्हा नाक मोडलं! मुलगी किंचाळली. म्हातारी गर्रकन वळली. असं खाणारा वेडा तिला जगात एकच ठाऊक होता.

"आये, जिती आसस गो!" गंगाराम ओरडले आणि ढसाढसा रडायला लागले. म्हातारीने ओल्या हातांनीच त्यांचा चेहरा कुरवाळला. कसं हलकं वाटलं म्हणून सांगू! निघताना तिने मला त्यांच्या हातात दिलं.

मालवणात काकूंनी बजावलं, "हेच्यात मांस शिजला ना? गणपतीच्या नैवेद्याक ही चलाची नाय." मला टांगून ठेवलं. राग आला, का नाही येणार? पण गणपती पोचवले आणि दुसऱ्याच दिवशी काकूंनी मला उतरवून घासलं, तळाला हळदीची पानं घातली आणि तांदळाच्या उकडीत सुंगटं, म्हणजे कोळंबी, भरून मोदक केले.

गंगारामांनी घास घेतला आणि डोळे मिटले.

"खावा पोटभर," काकू म्हणाल्या. "आता हेच्यासाठी समुद्रापार जावक नको." इतकी वर्षं बोटीची वाट पाहिलेली ती बाई पदराने डोळे पुसत हसत होती.

मित्रांनो, मला धुतल्यावर नीट वाळवा, ओली कोंबू नका, एवढंच माझं मागणं. आणि कुणाच्या हातचं खाऊन तुम्ही तृप्त झाला असाल, तर त्या माणसाला शोधत जा. दारावरची पाटी बदललेली दिसली, तरी आत डोकावून बघा.