नारिंगी कमी केल्यावर

प्राप्तीने माउसने नारिंगीची पट्टी डावीकडे ओढली, तशी स्क्रीनवरच्या बाबांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती वर आली. रंगीत फोटोत तो चेहरा नुसताच लालसर आणि घामट दिसत होता. आता त्यात चाळीस वर्षांचं समुद्रावरचं ऊन दिसायला लागलं. ती खुर्चीत पुढे सरकली आणि पट्टी आणखी थोडी ओढली.

मागच्या रविवारी बाबांची, तुळशीराम यांची, साठी झाली होती. थळच्या घरासमोर मांडव घालून सगळं गणगोत जमवलं होतं. कुटुंबाचा एक मोठा फोटो बाहेरच्या खोलीत लावायचा असं आईने ठरवलं होतं, आणि फोटो काढायला घरचीच मुलगी होती. पण मांडवाचं कापड निळं, खुर्च्या लाल, आईची साडी पोपटी, मामांचा शर्ट जांभळा. माणसांपेक्षा रंगच जास्त बोलत होते. तेव्हा हा फोटो काळा-पांढरा करायचा, असं प्राप्तीने मनाशी ठरवून टाकलं.

नाक्यावरच्या तिच्या छोट्या स्टुडिओत असं काम कुणी मागत नसे. लग्नाआधीचे फोटो काढायला किहीमच्या किनाऱ्यावर येणाऱ्या जोडप्यांना समुद्र होता त्याहून निळा हवा असायचा. काळं-पांढरं ती स्वतःसाठीच करायची. रंग नुसता काढून टाकला तर फोटोची राख होते, हे ती चुकत-माकत शिकली होती. प्रत्येक रंगाला वेगळं सांगावं लागतं, तू किती काळा हो, तू किती उजळ. माणसाची कातडी बहुतेक नारिंगीत असते. नारिंगी उजळ केली की डाग, पुटकुळ्या, जागरणं, सगळं धुऊन निघतं. नवरीमुलींना तेच हवं असतं. नारिंगी गडद केली की कातडी काहीच लपवत नाही.

बाबांचा चेहरा मनासारखा झाल्यावर तिने रांगेतल्या बाकीच्यांवरून नजर फिरवली, आणि ऋतिकाच्या हातावर ती थांबली.

मोठी बहीण बाबांच्या डाव्या बाजूला बसली होती. तिच्या बांगड्यांच्या वर, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, चार काळपट रेघा शेजारी-शेजारी उमटल्या होत्या. स्क्रीनवर काहीतरी लागलं असेल म्हणून प्राप्तीने ओढणीच्या टोकाने काच पुसली. रेघा तिथेच राहिल्या. तिने फोटो मोठा केला. हाताच्या दुसऱ्या कडेला एक गोल डाग होता, अंगठ्याएवढा.

तिने रंग परत आणले. हात स्वच्छ होता, गव्हाळ, एकसारखा. रंग पुन्हा घालवले. चार बोटं आणि अंगठा.

मग तिने त्या दिवसाचे बाकीचे फोटो उघडले. ऋतिका ओवाळताना. ऋतिका लाडू वाटताना. उजव्या कोपराखाली तसेच डाग, जरा फिकट, बहुतेक जुने. मनगटाजवळ आणखी एक.

मोठ्या फोटोत ऋतिकाच्या मागे तिचा नवरा धनेश उभा होता. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटाची बटणंसुद्धा लावलेली. त्याचा उजवा हात ऋतिकाच्या खांद्यावर होता. त्या हाताच्या चार बोटांकडे प्राप्ती बराच वेळ बघत राहिली. नंतर तिने काहीही सेव्ह न करता लॅपटॉप मिटला.

आता तिला सगळं वेगळं आठवायला लागलं. दोघं ताईच्या सासरहून, दिघीहून आली तीच उशिरा. जेवणाची पानं मांडली तेव्हा धनेश घड्याळ बघत होता. "निघायला हवं," असं त्याने तीनदा म्हटलं होतं, आणि ताई अर्ध्या जेवणावरून उठली होती. आई रागावली तर ताई नुसती हसली. शिवाय एरवी पावडरही न लावणारी ताई त्या दिवशी आरशासमोर केवढा वेळ बसली होती!

तिने फोन लावला. बऱ्याच वेळाने ऋतिकाने उचलला.

"ताई, कशी आहेस?"

"मला काय झालंय? बरी आहे. घाईत आहे गो, मग बोलते."

मागे भांडं पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ धनेशचा, चढलेला. "सोड! सोड म्हणतो ना!"

फोन बंद झाला. त्यानंतर तीनदा लावूनही तो कुणी उचलला नाही.

दुपारी जेवताना आईने विचारलं, "झाला का फोटो?"

"थोडं काम हाय अजून."

"ऋतिकाला जरा उजळ कर हां. जाम सुकलेली दिसते."

प्राप्ती भात कालवत राहिली. तिने पाणी घेतलं, परत ठेवलं. बाबा ओट्यावर जाळं घेऊन बसले होते. त्यांना सांगावं असं वाटून ती दोनदा दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा काहीतरी दुसरंच विचारून परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिने स्कूटर काढली. मुरूडला लग्नाची ऑर्डर आहे असं आईला सांगितलं आणि खरं वाटावं म्हणून कॅमेऱ्याची बॅगही घेतली. त्याच बॅगेत एका पाकिटात त्या फोटोची प्रिंट होती. रेवदंड्याचा पूल, कोर्लई, मुरूड. आगरदांड्याला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाड्या चढत होत्या. सगळे गाडीतून उतरून कठड्याशी उभे राहिले, फोटो काढू लागले. प्राप्ती स्कूटरवरच बसून राहिली, चावी मुठीत धरून. बोलायची वाक्यं ती मनात जुळवत होती. सामान भर. नाही, आधी विचारायचं. कधीपासून चाललंय हे? नाही, विचारायचंच नाही, नुसतं म्हणायचं, चल. पलीकडचा धक्का जवळ येत होता आणि तरी बोट जागची हलत नाहीये असं तिला वाटत होतं.

धनेशचं घर खाडीपासून दोन गल्ल्या आत होतं. दाराला बाहेरून कडी होती.

प्राप्ती पायरीवर थांबली. कुलूप नव्हतं, नुसती कडी. आत कुणीतरी हळू बोलत होतं. तिने खिडकीशी जाऊन हाक मारली, "ताई!"

ऋतिका गजांशी आली. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. बहिणीला बघून ती हसली नाही.

"तू? अशी अचानक?"

"कडी कुणी लावली बाहेरून?"

"काढ आणि आत ये. मोठ्याने बोलू नकोस."

आत येऊन प्राप्तीने पाकिटातून फोटो काढला आणि तिच्या हातात दिला. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तिला आठवलं नाही.

ऋतिकाने आधी बाबांकडे बघितलं. "काय भारी दिसतात गो बाबा," ती म्हणाली. मग तिची नजर सरकली. फोटोतल्या हातावर तिने अंगठा ठेवला, झाकल्यासारखा.

"मेकअपचे तीन थर लावले होते," ती म्हणाली.

"भावोजींनी केलं ना?"

ऋतिकाने मान वर केली. ती उत्तर देणार तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली, "कोकिळे! ए कोकिळे!"

ऋतिका फोटो खाली ठेवून आत गेली. प्राप्ती मागोमाग. कॉटवर धनेशची आई बसली होती, सोनूबाई. ऋतिका सासूला पहिल्यापासून आत्या म्हणायची. प्राप्तीने त्यांना दोन वर्षांत बघितलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून त्या येत नाहीत, एवढंच तिला ठाऊक होतं. डोक्यावर टोपली घेऊन माणगावच्या बाजारापर्यंत सुकी मासळी विकायला जाणारी, अंगापिंडाने दणकट बाई. आता त्यांचा चेहरा बारीक झाला होता. हात मात्र तसेच होते, रुंद. त्या हातांनी त्यांनी ऋतिकाचा दंड पकडला आणि आवळला.

"हात सोडू नको गो कोकिळे. लाट मोठी हाय."

"नाही सोडत, आत्या."

ऋतिकाचे ओठ पांढरे पडले. प्राप्ती पुढे झाली आणि ती बोटं उचकटायला लागली.

"ओढू नकोस!" ऋतिका म्हणाली. "ओढलं की जास्त आवळतात."

बाहेर चपला वाजल्या. धनेश बंदरातल्या कामावरून जेवणाच्या सुट्टीत घरी आला होता. प्राप्तीला बघून तो दारात क्षणभर थबकला. त्याने बाह्यांची बटणं सोडली, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि कॉटशी गुडघ्यावर बसला.

"आये, इकडं धर. इकडं दोर हाय, घट्ट हाय."

त्याने आपला हात पुढे केला. सोनूबाईंनी त्याच्याकडे बघितलं, ऋतिकाचा दंड सोडला आणि तो हात पकडला. प्राप्तीने त्या हाताकडे बघितलं आणि मग तिला दुसरीकडे बघता येईना. मनगटापासून कोपरापर्यंत डागच डाग. काही निळे, काही पिवळट पडलेले, दोन ठिकाणी नखांचे ओरखडे.

"केव्हा आलीस?" धनेशने विचारलं.

"आत्ताच."

"जेवून जा."

थोड्या वेळाने सोनूबाईंना डुलकी लागली. धनेश चहा ठेवायला गेला. दोघी बहिणी कॉटच्या पायाशी जमिनीवर बसल्या.

"वर्ष होऊन गेलं," ऋतिका हळू आवाजात म्हणाली. "त्यांना वाटतं, समुद्रात मचव्यात आहोत आणि वारा सुटलाय. जो जवळ असेल त्याला धरतात. पडू नये म्हणून."

"आणि कोकिळा कोण?"

"कुणालाच माहीत नाही. धनेशच्या मामांना विचारलं, त्यांनाही नाही. वारा पडला असं वाटलं की सोडतात. पण मग उठून खाडीकडे चालायला लागतात, मासळी उतरवायला. म्हणून कडी. त्या दिवशी साठीला आलो ना, तेव्हा शेजारच्या वहिनी चारपर्यंतच बसणार होत्या."

"अगं, पण आम्हाला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? आई म्हणेल, परत ये. दीर म्हणतात, कुठेतरी नेऊन ठेवा. माझी दोन बाळं गेली ना, तेव्हा मी एकदाही घराबाहेर पडले नव्हते. बायका यायच्या, काहीबाही बोलायच्या. आत्या दारातच टोपली घेऊन बसायच्या, मासळी निवडत. आतमध्ये कुणाला येऊ दिलं नाही त्यांनी." ऋतिकाने पदर दंडावर ओढून घेतला. "आणि हे डाग कुणी बघितले की आधी धनेशकडेच बघणार. तू पण तिकडेच बघितलंस ना?"

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज मघाशीच थांबला होता, हे प्राप्तीच्या आता लक्षात आलं.

धनेश चहा घेऊन आला. त्याने कप तिच्यापुढे ठेवला. ती "भावोजी" एवढंच म्हणाली. तो म्हणाला, "साखर बघ गो, जमलीय का." ती चहा प्यायली. साखर जास्त झाली होती.

"फोटोचं काय करणार?" ऋतिकाने विचारलं.

"तुझ्या हातापुरतं वेगळं करता येतं."

"बाबांच्या सुरकुत्या नको घालवू पण."

"नाही घालवत."

घाईघाईत दोन घास खाऊन धनेश कामावर परत गेला. जाताना त्याने कडी लावली नाही. सोनूबाई जाग्या झाल्या, इकडेतिकडे बघायला लागल्या, त्यांचे हात हवेत काहीतरी शोधायला लागले. ऋतिका उठत होती. प्राप्तीने तिला खांद्याने मागे सारलं, कॉटवर बसली आणि आपला हात पुढे केला.

पकड बसली तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघता निघता राहिला. फोटोत हे एवढं असेल असं वाटलं नव्हतं.

"जा, पाठ टेक जरा," ती म्हणाली.

"पाच मिनिटं," ऋतिका म्हणाली. ती तिथेच चटईवर आडवी झाली आणि दुसरं वाक्य बोलायच्या आत झोपली. तोंड किंचित उघडं, एक हात छातीवर. लहानपणी ती अशीच झोपायची.

बॅगेत फोन थरथरला. आईचा असणार. प्राप्तीचा एक हात मोकळा होता, पण बॅग लांब होती. थरथर थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. हात कोपरापर्यंत बधिर झाला होता. तीनची फेरीबोट निघून गेली असेल. चारचीही. काल दुपारपासून पहिल्यांदाच ती एका जागी स्वस्थ बसली होती.

सोनूबाईंची बोटं जराशी सैल झाली. त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. बाहेर उन्हात माडाची एक झावळी हलत नव्हती.

"वारा पडला का गो?" त्यांनी विचारलं. त्यांचा एक पाय कॉटवरून खाली आला होता.

प्राप्तीने खाली झोपलेल्या बहिणीकडे बघितलं.

"न्हाय, आत्या," ती हळूच म्हणाली. "अजून हाय. धरून ठेवा."